चौतीस मुठी

कामावरचे लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे लेव्हलबाई. दोन्ही नावं तिच्या कानावर होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच तिला अधिक आवडायचं. तिच्या पर्समध्ये रुमाल, चष्मा, किल्ल्यांचा जुडगा आणि वीतभर लांबीची एक लेव्हल असे. सुतारांकडे असते तीच: पिवळी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की फळी सरळ. एखादा सुतार फळी ठोकून, हात झटकून "सरळ आहे" म्हणाला की ही पर्सची चेन ओढायची. चेनचा आवाज आला की सुतार घाईघाईने म्हणायचा, "थांबा ताई, मीच एकदा बघतो."

घरं आतून सजवून देणाऱ्या एका डिझायनरकडे ती कामाला होती. अशा घराचं काम चार-सहा महिने चालतं. भिंती फुटतात, वायरी पडतात, फरशा बसतात, रंग लागतो, आणि मग सगळ्यांना वाटतं, झालं. खरं तर तेव्हा हत्ती गेलेला असतो आणि शेपूट राहिलेलं असतं. कपाटाची दारं एकमेकांना घासतात, टेबलावर यायचा दिवा खुर्चीच्या डोक्यावर येतो, पडदा जमिनीपासून चार बोटं वर लोंबतो. ते शेपूट ओढून काढणं हे तिचं काम. शेवटचे पाच-सहा दिवस घर तिच्या हवाली असे. सामान कुठल्या क्रमाने आत आणायचं, काय कुठे टांगायचं, कोणी कोणाच्या आधी यायचं, हे ती ठरवायची. आणि घरमालकाला किल्ली देताना जो कागद करतात, त्यावर डिझायनरच्या सहीखाली तिची सही लागायची. तिची सही नसेल तर घर ताब्यात द्यायचं नाही, हा नियम खुद्द डिझायनरने केलेला.

त्याचं असं झालं होतं. ती मुळात पडदे शिवणारी. बाप शिंपी, त्यामुळे कात्री आणि टेप हातात घेऊनच ती वाढली. लग्नानंतर घरी बसून तिने पडदे शिवायला घेतले, मग ते टांगून द्यायलाही जाऊ लागली. बारा वर्षांपूर्वी अशाच एका घरात पडदे टांगून झाल्यावर ती स्टुलावरून खाली उतरली आणि तिथे उभ्या असलेल्या डिझायनरला म्हणाली, "सर, पडदा सरळ आहे, तुमचं छत वाकडं आहे." तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता, नवा नवा धंदा. त्याला राग आला. मोजलं तर छत एका टोकाला दीड इंच उतरलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने विचारलं की या घरात आणखी काय वाकडं दिसतंय. तिने वहीच्या पानावर एकवीस गोष्टी लिहून दिल्या. बाविसावी तोंडी सांगितली, ती त्याच्या शर्टाच्या चुकलेल्या बटणाविषयी होती. महिनाभराने तिला ऑफिसात टेबल मिळालं.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, मिस्कील माणूस. जगाची कपाटं सरळ करणाऱ्या बाईच्या घरात भिंतीवरचं घड्याळ मात्र कायम तिरकं, यावर त्याचा ठरलेला शेरा होता: दिव्याखाली अंधार. ती म्हणायची, घड्याळ वेळ सरळ दाखवतंय ना, मग झालं.

तर त्या वर्षी एक घर आलं. तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. मालकीण बँकेत अधिकारी, चाळिशीची, लग्न न केलेली. तिच्यासोबत तिचे वडील राहात. या गृहस्थांनी छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हा त्यांचा पेशा. घराचं काम चालू असताना बापलेक दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या जागेत राहात होते. रविवारी घर ताब्यात द्यायचं होतं. त्याआधी, शनिवारी दुपारी एका मासिकाचा फोटोग्राफर येणार होता, कारण डिझायनरच्या मते हे त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं काम होतं.

काम चांगलं होतं यात शंका नव्हती. मंगळवारी सकाळी कुलूप उघडून ती आत शिरली तेव्हा तीही क्षणभर दारातच थांबली. भिंती, कपाटं, फरशी, सगळं एकाच ढगाळ राखाडी रंगाचं. कपाटांना कुठेही मूठ नाही, हँडल नाही. दारावर बोटाने दाबलं की दार आपोआप पुढे यायचं. दिव्यांची बटणंही नव्हती. त्यांच्या जागी भिंतीत बसवलेली गुळगुळीत काच, तिला नुसता स्पर्श करायचा. खिडकीजवळ वाचायला बसण्यासाठी चार इंच उंचीचा चौथरा, तोही फरशीच्याच रंगाचा. मंगळवारचा दिवस तिने दारं जुळवण्यात घालवला. संध्याकाळी काचेचं टेबल आलं, सोफा आला, आणि सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय म्हणून ती खुशीत घरी गेली.

बुधवारी अकराच्या सुमारास मालकिणीचे वडील आले. मुलगी बँकेत गेल्यावर ते एकटेच चालत आले होते, सहज बघायला. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी, डोळ्यांवर जाड चष्मा. आत येताना त्यांनी डावा हात भिंतीला लावून ठेवला होता. दिवाणखान्यात शिडी उभी होती आणि रंगाऱ्याने तिच्यावर आपला कोट अडकवला होता. आजोबांनी शिडीसमोर उभं राहून आपुलकीने विचारलं, "काय, कुठवर आलं काम?"

इलेक्ट्रिशियन हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने गंमत केली. आजोबाही लगेच हसले. लेव्हलबाईही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

मग ती नुसती बघत राहिली. त्यांनी दिव्यासाठी भिंत चाचपली, काच हाताला लागली पण दिवा काही लागला नाही. "शिकेन हळूहळू," ते म्हणाले. चौथऱ्याला पाय अडखळला, तेव्हा बूट नवीन आहेत असं सांगितलं. स्वयंपाकघरात गेल्यावर पाणी प्यायला कप कुठे ठेवलेत ते विचारलं. तिसरं दार दाबा, असं ती म्हणाली. त्यांनी दुसरं दाबलं, मग चौथं, मग दोन दारांमधली फट. त्यांची मान खिडकीकडे वळलेली होती आणि कप शोधत होते ते फक्त हात.

हे असे हात तिने आधी पाहिले होते. तिच्या बापाचे डोळे पन्नाशीतच जायला लागले होते, पण दुकान त्याने बंद केलं नाही. कात्री उजवीकडच्या खिळ्याला, खडू पत्र्याच्या डबीत, काळा दोरा पहिल्या खणात, पांढरा दुसऱ्या. सुईत दोरा ओवून ठेवायचं काम तेवढं हिच्याकडे, तेव्हा ती दहा वर्षांची. बाकी सगळं तो हातांनी करायचा आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. एकदा शेजारच्या बाईंनी मोठ्या मायेने दुकान आवरून दिलं. सगळं चकाचक करून, ओळीने लावून ठेवलं. त्या दिवशी बाप मशीनसमोर दिवसभर बसून राहिला. एक शिलाई घालता आली नाही. बाईंना वाईट वाटेल म्हणून बोललाही नाही.

घरी गेल्यावर तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. आजोबांना दिसत नाही, हे तिला दिसलंय. घरात कुणालाच माहीत नसावं. आणि सोमवारपासून ते दिवसभर त्या घरात एकटे राहणार. नवरा म्हणाला, "त्यांना विचारलंस का?" ती म्हणाली, असं कसं विचारणार. "तू छताला वाकडं म्हणालेली बाई आहेस," तो म्हणाला. "विचार."

गुरुवारी सकाळी तिने आधी डिझायनरला फोन लावला. तो दुसऱ्या कामासाठी परगावी होता. तिने सरळ सांगितलं की कपाटांना मुठी बसवाव्या लागतील, दिव्यांना खटक्याची बटणं हवीत आणि काचेचं टेबल परत पाठवायचंय. कारण भेटल्यावर सांगते, असंही ती म्हणाली. मग तो म्हणाला की ताई, त्या दारांना भोकं पाडली तर ती बुजवता येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. शनिवारी फोटो आहेत. कशालाही हात लावू नका.

"नाही लावत," ती म्हणाली. "उद्या तुम्ही येईपर्यंत काही करत नाही. पण आज आहे तसं घर द्यायचं असेल तर त्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

बारा वर्षांत असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. तो म्हणाला, सकाळी नऊला पोचतो.

अकराला आजोबा पुन्हा आले. तिने सगळ्यांना चहाला पिटाळलं, प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यावर त्यांना बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसली.

"काका, एक विचारते. रागवायचं असेल तर रागवा. तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि परत लावला. "हा पुसून काही उपयोग नाही, हे मलाही कळतं," ते म्हणाले. "मधोमध एक डाग बसलाय. कडेकडेचं दिसतं. तुमचं तोंड दिसत नाही, कान दिसतात."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. जणू कोणी विचारायचीच वाट होती. दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांकडे ते एकटेच जात. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगी समजत होती की चष्म्याचा नंबर वाढलाय. वर्तमानपत्र ते रोज हातात धरून बसत आणि बातम्या रेडिओवर ऐकलेल्या सांगत. मुलीला कळलं तर ती नोकरी सोडेल, नाहीतर त्यांच्यावर नजर ठेवायला कोणीतरी आणून बसवेल, अशी त्यांना धास्ती होती. दोन्ही त्यांना नको होतं.

"आणि हे घर?" तिने विचारलं.

"घर सुंदर आहे."

"आहेच. पण काल कप सापडला का?"

 ते म्हणाले, "बाई, माझं आंधळ्याचं घर करू नका. आल्यागेल्याला कळता कामा नये."

"दाराला मूठ लावली म्हणून घर आंधळ्याचं होत नाही काका. जगातल्या निम्म्या दारांना मुठी आहेत." ती उठली. "मला कुठे काय लावायचं ते मी बघते. पण तुमच्या मुलीला सांगावं लागेल, आणि ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. आजच सांगा, कारण उद्या सकाळी सर येतायत."

शुक्रवारी नऊच्या आधीच बापलेक हजर झाले. मुलीचे डोळे सुजलेले होते. ती घरात फिरली, दिव्याच्या काचेला हात लावून पाहिला, चौथऱ्याकडे पाहिलं, आणि मग लेव्हलबाईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दोन दिवसांत दिसलं. मला दोन वर्षांत दिसलं नाही."

"तुमच्यापासून ते लपवत होते," लेव्हलबाई म्हणाली. "माझ्यापासून लपवायचं त्यांना सुचलं नाही, एवढंच."

डिझायनर आला तो प्रवासाने आंबलेला आणि कपाळाला आठ्या घेऊन. मुलीने त्याला वडिलांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं, मधे डाग आहे आणि कडेकडेचंच दिसतं, तेही. त्याचं म्हणणं त्याने मुद्देसूद मांडलं. दारांवरचा लेप एकदा फुटला की कडा उडतात. तीन महिने त्या रंगाचा पाठपुरावा केला होता. मुठीच लावायच्या होत्या तर आरंभी सांगायला हवं होतं, सगळा आराखडा वेगळा केला असता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ती मधे बोलली नाही. बोलले ते आजोबा.

"तुमचा नकाशा मुलीने माझ्यापुढे धरला होता," ते म्हणाले. "मी तीन वेळा छान म्हणालो. तुम्ही मला काही विचारलं नाहीत आणि मी काही सांगितलं नाही, म्हणजे निम्मी चूक माझी आहे. आमच्या धंद्यात पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र लावतात. पुस्तक फाडत नाहीत."

डिझायनर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो चौथऱ्याकडे बघत होता. मग वळला आणि म्हणाला, "ताई, पेन्सिल द्या."

त्यानंतर मात्र तो थांबला नाही, आणि तो खरोखर हुशार आहे हे तिने त्या दिवशी नव्याने पाहिलं. चौथरा दोन दिवसांत काढता येणार नव्हता. त्याने पुस्तकांचं कपाट आडवं फिरवून चौथऱ्याच्या दोन बाजू बंद केल्या, उरलेल्या बाजूला कडेवर गडद लाकडाची पट्टी ठोकायला सांगितली आणि तिथेच हाताशी येईल असा दांडा. कडेकडेचं दिसतं म्हणताय ना, मग गडद पट्टी दिसेल, असं तो आजोबांना म्हणाला. आजोबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि दिसते म्हणाले. इलेक्ट्रिशियनने काचा उपसून खटक्याची बटणं बसवली. काचेचं टेबल दुकानात परत गेलं आणि त्याच्या जागी लाकडी, गोल कडांचं आलं.

मुठी आजोबांनी स्वतः निवडल्या. हार्डवेअरवाल्याने नमुन्यांचं खोकं पाठवलं, ते मांडीवर घेऊन ते सोफ्यावर बसले आणि एकेक मूठ बोटांनी तपासली. काही नापास केल्या, त्यांची कारणंही दिली: ही सदऱ्यात अडकेल, हिची कड कच्ची आहे. शेवटी भांड्यांसाठी गोल, खाण्याच्या जिनसांसाठी चपटी, औषधं आणि कागदपत्रांसाठी लांब दांडी, आणि साफसफाईची औषधं असतात त्या खालच्या कपाटासाठी कंगोऱ्यांची, म्हणजे तिथे हात पडला की सावध व्हायचं. स्वयंपाकघरात बावीस, इतर दोन खोल्यांत बारा. एकूण चौतीस.

आता अडलं ते सुतारापाशी. चार महिने खपून त्याने ती दारं केली होती. "ताई, दुसऱ्या कोणालाही सांगा," तो म्हणाला. "माझ्या हाताने मी यांना भोसकणार नाही."

तिने त्याला समजावलं नाही. उरलेल्या प्लायचा एक तुकडा घेऊन त्याचा फर्मा करायला लावला, म्हणजे प्रत्येक दारावर भोक नेमकं त्याच जागी येईल. दारावर कागदी टेप चिकटवली, आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरला आणि ड्रिल स्वतः हातात घेतलं. सुतार दोन पावलं मागे सरला. डिझायनरने तर पाठ फिरवली. तिने दोन वेळा मापून एकदा दाबलं. टेप काढली तेव्हा भोक स्वच्छ, कड शाबूत. सुताराने पुढे होऊन बोट फिरवून पाहिलं, तिच्या हातातून ड्रिल घेतलं आणि म्हणाला, "आता पुढची माझी."

सव्विसाव्या मुठीपर्यंत सगळं सुरळीत गेलं. सत्ताविसाव्याला आतला ठोकळा सरकला आणि भोकाच्या कडेचा मसुरीएवढा टवका उडाला. सुताराचा चेहरा पडला. तिने दार बघितलं. टवका मुठीखाली लपण्यासारखा नव्हता. दार नवीन करायला पंधरा दिवस लागले असते. ती आजोबांकडे गेली, काय झालं ते सांगितलं आणि त्यांचं बोट त्या जागी नेऊन ठेवलं. आजोबांनी दोनदा चाचपलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत बिनचुकीचं एकही पुस्तक माझ्या हातून गेलेलं नाही. घर कुठून जाणार?"

शनिवारी दुपारी फोटोग्राफर आला तेव्हा सात मुठी बाकी होत्या. डिझायनरने त्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. फोटो निघाले, चांगले निघाले. पण मासिकाने ते घेतले नाहीत, दुसऱ्याच कोणाचं घर छापलं. डिझायनर आठवडाभर घुश्शात होता. लेव्हलबाईने त्याची समजूत वगैरे काढली नाही. रविवारी दुपारी त्या कागदावर तिने सही केली होती, ती मात्र नेहमीपेक्षा मोठी.

दारं तीनेक आठवड्यांत थोडी बसतात, बिजागऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. त्यासाठी ती परत त्या घरी गेली तेव्हा मुलगी बँकेत होती आणि आजोबा एकटे. दार त्यांनीच उघडलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, मदतीला पुढे झाली नाही. त्यांनी गोल मूठ ओढून पातेलं काढलं, चपटी ओढून साखर, भांड्यात पाणी किती झालं ते आवाजावरून ओळखलं. हात कुठेही चाचपडला नाही. चहा ओतताना बशीत थोडा सांडला, तेवढं चालायचंच. मुलीने नोकरी सोडली नव्हती. दुपारी एकदा फोन करायचा, एवढ्यावर बापलेकीची तडजोड झाली होती, आणि वर्तमानपत्र आता ती सकाळी मोठ्याने वाचून दाखवत होती. व्याकरणाच्या चुका दोघं मिळून काढत.

"एक तक्रार आहे," चहा पिता पिता आजोबा म्हणाले. "औषधांच्या कपाटाचं खालचं दार शेजारच्यापेक्षा किंचित वर आहे."

तिने लेव्हल काढली, धरली. बुडबुडा मधोमध. तिने तसं सांगितलं.

"बोट लावून बघा," ते म्हणाले.

तिने डोळे बारीक करून बोट दोन्ही दारांवरून फिरवलं. जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा फरक होता, नखाला लागेल न लागेल एवढा. बारा वर्षांत तिला तिच्याच कामातली चूक कोणी दाखवली नव्हती. तिला भारी आनंद झाला. तिने बिजागरी अर्धा आटा फिरवली, त्यांना पुन्हा बोट लावायला सांगितलं, आणि ते "पास" म्हणाले तेव्हाच हत्यारं पिशवीत टाकली.

पुढच्या महिन्यात ऑफिसात एक नवीन जोडपं आलं. घर अजून बांधून व्हायचं होतं. कागदावर नुसत्या रेघा होत्या. असल्या बैठकीला ती कधी नसे, तिची पाळी सहा महिन्यांनी. डिझायनरने दारातून डोकं बाहेर काढून तिला आत बोलावलं आणि आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली. जोडपं रंगांविषयी बोलत होतं, त्यांनी कुठल्या कुठल्या घरांचे फोटो जमवून आणले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कागद आपल्याकडे वळवून विचारलं की या घरात दिवसभर कोण असतं.

नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारे. बायको म्हणाली, "आमच्या सासूबाई असतात. पण त्यांचं काही नसतं, त्यांना सगळं चालतं."

लेव्हलबाईने डिझायनरकडे पाहिलं. त्याने आधीच पेन्सिल खाली ठेवली होती.

"मंगळवारी सकाळी आम्ही दोघं तुमच्या आत्ताच्या घरी येतो," तो त्या बाईंना म्हणाला. "सासूबाईंना सांगून ठेवा. तुम्ही दोघं नसलात तरी चालेल."

तिने पर्समधून वही काढली, वार आणि वेळ लिहिली, आणि पत्त्यासाठी वही त्यांच्यापुढे सरकवली.